हॉलमधला लॅपटॉप आणि वृद्धाश्रमाच्या जाहिराती

पत्र थोडक्यात:

पुण्यात मुलगा, सून आणि नातवासोबत राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरात लॅपटॉप एकच, हॉलमध्ये टीपॉयवर असतो आणि सगळे तोच वापरतात. ताईंची एक जुनी मैत्रीण एकटी पडली आहे. तिच्यासाठी म्हणून एका दुपारी त्यांनी चार-पाच वृद्धाश्रमांच्या आणि ‘सीनियर लिव्हिंग’च्या वेबसाइट पाहिल्या. दर ठिकाणी कुकीजची चौकट आली, दर ठिकाणी त्यांनी ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबलं. दोन दिवसांनी सून आमटीची रेसिपी वाचत होती, तर बाजूला पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं आणि ‘निवृत्तीनंतरचं हक्काचं घर’. मग बातम्या वाचताना तेच, रेल्वेचं वेळापत्रक बघताना तेच. रात्री जेवताना सुनेनं विचारलं, “आई, तुम्हाला इथे काही कमी पडतंय का?” ताई गडबडल्या, “कुठे काय” म्हणाल्या आणि विषय तिथेच राहिला. तेव्हापासून घर झोपलं की त्या ब्राउझरमधलं सगळं पुसून टाकतात. सकाळी नातवाच्या शाळेचं पोर्टल पासवर्ड मागतं, मुलाच्या बँकेला लॅपटॉप अनोळखी वाटतो, आणि घरात चिडचिड. मुलगा म्हणतो, “ॲक्सेप्ट करायचं आणि पुढे जायचं, कोण वाचतं?” भाचा म्हणतो, “मावशी, कुकी म्हणजे व्हायरसच.” ताई विचारतात: स्वीकारायचं की नाकारायचं? रोज पुसणं बरोबर आहे का? आपल्याकडे कायदा काय म्हणतो? आणि, “चूक माझीच ना?”

ताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण रात्रीची ती पुसापुशी त्यातूनच सुरू झालेली दिसते. चूक तुमची नाही. घाईतल्या माणसाचं बोट एकाच बटणावर पडावं अशीच ती चौकट बेतलेली असते. ‘ॲक्सेप्ट ऑल’ ठळक, निळं, अगदी अंगठ्याखाली. नकाराचं बटण राखाडी आणि बारीक, किंवा नसतंच. त्याच्या जागी ‘मॅनेज प्रेफरन्सेस’. त्यात शिरलात की खटक्यांची ही भली मोठी रांग, आणि ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ (वैध हितसंबंध, म्हणजे ‘आमचं कारण रास्त आहे, वेगळी संमती नको’) नावाच्या कप्प्यात काही खटके आधीच चालू करून ठेवलेले. एकदा मी एका बातम्यांच्या साइटवर ते सगळे बंद करायला बसले. खटके संपेपर्यंत चहा गार झाला आणि बातमी कशाबद्दल होती तेही विसरले. स्वीकारायला एक टिचकी आणि नाकारायला अनेक, हा प्रकार फ्रान्सच्या डेटा नियामकाला इतका खटकला की त्यानं गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. जानेवारी २०२२ मध्ये तो जाहीर झाला. आणि तुम्ही इथे रात्री जागून स्वतःला बोल लावताय.

आता भाच्याचं. कुकी व्हायरस नव्हे. ती मजकुराची एक छोटी चिठ्ठी असते, जेमतेम चार हजार अक्षरं मावतील एवढी, आणि ती स्वतःहून काही चालवू शकत नाही. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्ला आठवा. त्यावर ४७ लिहिलेलं असतं. तुमचं नाव नसतं, चपला कोल्हापुरी आहेत की रबरी तेही नसतं. पण दर्शन घेऊन आल्यावर तो ४७ पुढे केलात की स्टँडवाला बरोबर तुमच्याच चपला काढून देतो. कुकीतही बहुतेक वेळा असा एक लांबलचक क्रमांकच असतो. बाकीची माहिती वेबसाइटवाल्याच्या वहीत, त्याच्याकडे.

हा बिल्ला लागतो कशाला? कारण वेबला मुळात स्मरणशक्तीच नाही. तुम्ही एक पान उघडलंत आणि त्यावरून दुसऱ्यावर गेलात, की वेबसाइटच्या दृष्टीनं तुम्ही नवीन पाहुण्या. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरपुढे ही अडचण आली. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकानं टोपलीत वस्तू टाकली, तर पुढच्या पानावर ती लक्षात कशी ठेवायची? त्यानं या चिठ्ठीची युक्ती काढली. प्रोग्रॅमर मंडळींत अशा खुणेच्या तुकड्याला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, म्हणून नाव कुकी पडलं. बिस्किटाचा संबंध नावापुरताच. त्यानं एक शहाणपणाचा नियमही घातला: ज्यानं बिल्ला दिला, त्यालाच तो परत दाखवायचा. शाळेच्या पोर्टलचा बिल्ला बँकेला दिसणार नाही, बँकेचा शाळेला नाही. हा नियम आजही तसाच पाळला जातो.

मग रेसिपीच्या पानाला तुमची वृद्धाश्रमाची दुपार कशी कळली? तर तिला ती कळलीच नाही. गंमत इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

तुम्ही वृद्धाश्रमाची वेबसाइट उघडलीत तेव्हा ते पान एकाच ठिकाणाहून आलं नाही. मजकूर आणि फोटो त्यांचे, नकाशा दुसऱ्याचा, आणि कोपऱ्यात एका जाहिरात कंपनीचा तुकडा, कधी डोळ्यांना दिसणारही नाही इतका छोटा. तो आणायला तुमचा ब्राउझर त्या कंपनीच्या दारात गेला आणि येताना तिचाही बिल्ला घेऊन आला. तिनं वहीत टिपलं: ४७ नंबर, वृद्धाश्रम, खोल्यांचे दर असलेलं पान. दोन दिवसांनी सुनेनं रेसिपी उघडली. त्या पानावरही त्याच कंपनीनं जागा घेतलेली. ब्राउझर पुन्हा तिच्या दारात गेला आणि नियमाप्रमाणे तिचाच बिल्ला तिला दाखवला. कंपनीनं वही उघडली, ४७ वर बोट ठेवलं आणि ते हसरं जोडपं आमटीशेजारी आणून बसवलं. समजा, गावातल्या सगळ्या देवळांबाहेर, मंगल कार्यालयांबाहेर आणि दवाखान्यांबाहेर एकाच माणसाचे चप्पल स्टँड आहेत आणि सगळीकडे तुमचा नंबर ४७ च आहे. पुजाऱ्याला डॉक्टरांकडचं काही ठाऊक नसेल, पण स्टँडवाल्याला तुमचा सगळा दिनक्रम पाठ.

याला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. हा धोका तेव्हाच लोकांच्या लक्षात आला होता. १९९७ साली कुकीचं पहिलं अधिकृत तांत्रिक मानक लिहिलं गेलं, त्यात असे परके बिल्ले ब्राउझरनं आपणहून घेऊ नयेत असं म्हटलं होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते कानाआड केलं.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीतक. ‘लॅपटॉपनं माझी चुगली केली’ असं तुम्ही लिहिलंय. जाहिरात कंपनीला तुम्ही ठाऊकच नाही, ताई. तिला हॉलमधला ब्राउझर ठाऊक आहे. तुम्ही, सून, मुलगा आणि आठवीतला नातू मिळून तिच्या वहीत एकच माणूस आहे. त्याला वृद्धाश्रम हवाय, बीजगणिताचे व्हिडिओ हवेत आणि आमटीत गूळ किती घालायचा तेही विचारायचंय. म्हणजे तुमची अडचण कुकीपेक्षा एका ब्राउझरवर चार संसार चालण्याची जास्त आहे.

म्हणूनच रोज रात्री पुसणं मला पटत नाही. त्यात सगळेच बिल्ले जातात. नातवाला शाळेच्या पोर्टलनं दिलेला आणि ‘हा लॅपटॉप ओळखीचा’ म्हणून बँकेनं ठेवलेला, हे कामाचे दोन पहिले जातात. जाहिरात कंपनीचाही जातो, पण सकाळी कुणी पहिलं पान उघडेपर्यंतच. मग तिचा नवीन तयार. आणि कुणी गूगलवर लॉग-इन असताना शोधलं असेल, तर तो इतिहास खात्यात जमा होतो. लॅपटॉपवरच्या कुकी पुसल्यानं तो हलत नाही. उंदीर झाले म्हणून कोठीतलं सगळं धान्य रोज फेकून देण्यातला हा प्रकार.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर आधी परके बिल्ले बंद केले असते. क्रोम ब्राउझरमध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवरून ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘थर्ड-पार्टी कुकीज’, आणि तिथे ‘ब्लॉक’चा पर्याय. दोन मिनिटांचं काम, आणि एकदाच. शाळेचं पोर्टल तसंच चालेल, बँकही. एखाद्या पानावरचा व्हिडिओ किंवा ‘गूगलनं लॉग-इन करा’ अडलं, तर पत्त्याच्या पट्टीत डोळ्याचं चिन्ह दिसतं. त्यावरून तेवढ्या साइटला सूट देता येते. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये हे परके बिल्ले २०२० पासून आपोआप बंद आहेत. फायरफॉक्सनं २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकीजना वेगळी बरणी दिली, एकीतलं दुसरीत जात नाही. क्रोमनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, दोन वर्षांत बंद करतो. मग मुदत वाढत गेली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच गुंडाळला. जाहिरातींवर पोट असलेल्या गूगलचा ब्राउझर आहे, त्याच्याकडून फार आशा नव्हतीच. म्हणून हा खटका आपल्यालाच दाबावा लागतो.

आधीचा कचरा एकदाच साफ करायचा, आणि तोही निवडून. त्याच ‘थर्ड-पार्टी कुकीज’च्या पानावर खाली ‘सी ऑल साइट डेटा अँड परमिशन्स’ असं असतं. तिथे साइटवार यादी दिसते. ती पाहून तुम्ही चकित व्हाल. जन्मात न ऐकलेली नावं तुमच्या हॉलमध्ये राहायला आलेली असतात. शाळा, बँक, रेल्वे, ईमेल ठेवा आणि बाकीची खुशाल पुसून टाका. चुकून कामाचं एखादं गेलं तर एकदा पासवर्ड टाकावा लागेल, आणखी काही बिघडत नाही.

दुसरं काम प्रोफाइलचं, आणि तुमच्या घरासाठी मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. क्रोममध्ये उजवीकडे वर गोल चित्र असतं. त्यावर टिचकी मारून प्रत्येकासाठी वेगळं प्रोफाइल करता येतं, गूगल खातं न जोडतासुद्धा. प्रत्येक प्रोफाइलचे बिल्ले वेगळे. तुमची दुपार तुमच्याकडे राहील, सुनेची आमटी तिच्याकडे. पण याला कुलूप नाही हे लक्षात घ्या. कुणीही तुमच्या चित्रावर टिचकी मारून आत येऊ शकतं. पडदा आहे, दार नाही. दार हवं असेल तर विंडोजमध्येच पासवर्डसह वेगळा युजर करायचा. शिवाय घराचं वायफाय एकच असल्यामुळे कधीमधी एखादी जाहिरात याच्याकडून त्याच्याकडे सरकू शकते, कारण काही कंपन्या घराच्या इंटरनेट पत्त्यावरूनही अंदाज बांधतात.

अशी नाजूक चौकशी एकदाच करायची असेल, तर इनकॉग्निटो खिडकी पुरते. कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. काम झालं की तशा सगळ्या खिडक्या बंद करा, त्यातले बिल्ले तिथेच संपतात. एक तरी उघडी राहिली तर नाही, हे बरेच जण विसरतात. तिच्यामुळे इंटरनेट कंपनीपासून काही लपत नाही, वेबसाइटपासूनही नाही. सुनेच्या आमटीपासून मात्र नक्की लपलं असतं.

राहता राहिलं, स्वीकारायचं की नाकारायचं. मुलाचं ‘कोण वाचतं’ हे खरंच आहे. मीही सगळं वाचत नाही. पण न वाचताही नाही म्हणता येतं. ‘रिजेक्ट ऑल’ समोर दिसत असेल तर डोळे मिटून तेच दाबा. साइट बंद पडेल ही भीती बहुतेक ठिकाणी फुकाची आहे. टोपली, लॉग-इन, भाषेची निवड यांना लागणाऱ्या कुकीज ‘आवश्यक’ म्हणून तशाही चालूच राहतात. नकाराचं बटण चक्रव्यूहात लपवलं असेल, तर मी तरी आयुष्यातली पाच मिनिटं तिथे घालवत नाही. परके बिल्ले एकदा ब्राउझरमध्येच बंद केले की ‘ॲक्सेप्ट’ची नांगी बरीचशी मोडलेली असते. दवाखाना, कर्ज, वकील, वृद्धाश्रम असा विषय असेल तेव्हा मात्र मी चक्रव्यूहात शिरते, नाहीतर सरळ दुसरी साइट बघते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो, हेही विचारलंय तुम्ही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कुकी असा शब्द येत नाही, पण तिच्यातून तुमची माहिती गोळा होत असेल तर संमतीचे नियम लागू होतात. संमती मोकळेपणानं, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. मला त्यातलं आवडलेलं कलम वेगळंच आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. त्या २२ भाषांत मराठी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे, तेव्हा मराठी चौकट उद्याच दिसेल असं समजू नका. दिसली की मात्र ‘वैध हितसंबंध’ असलं काही लिहून मोकळे होऊ नयेत, एवढीच इच्छा.

फोनबद्दल थोडक्यात. ॲपमध्ये पाळत मुख्यतः कुकीवर चालत नाही. तिथे फोनचा जाहिरात क्रमांक असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी’त ‘ॲड्स’मध्ये जाऊन तो डिलीट करता येतो. आयफोन विचारतो तेव्हा ‘आस्क ॲप नॉट टू ट्रॅक’ दाबायचं.

भाच्यालाही थोडा न्याय देते, कारण त्याची भीती अगदीच हवेतली नाही. लॉग-इन केल्यावर मिळालेला बिल्ला कुणी चोरला, तर पासवर्ड न विचारता त्याला आत घेतलं जातं. चोराच्या हातात ४७ आला तर स्टँडवाला त्यालाच तुमच्या चपला देणार. हे बहुधा फुकटात मिळालेल्या सॉफ्टवेअरमधून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या अनोळखी फाइलमधून होतं. आणि फॉर्म भरायला झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर बसलात, तर नुसती खिडकी बंद करून उठू नका. लॉग-आउट करा. तिथे तुमच्यामागे रांगेत दहा जण असतात.

आता सुनेचं. तुमच्या पत्रात ‘मैत्रिणीसाठीच हो’ हे शब्द दोनदा आले आहेत. मी खोदून विचारत नाही, आणि तुम्हीही मला पटवून द्यायची गरज नाही. मैत्रिणीसाठी बघितलं असेल तर उत्तमच. स्वतःसाठी, नुसतं ‘असतं तरी कसं’ म्हणून बघितलं असतं, तरी तो काही घराविरुद्धचा कट नव्हता. साठीनंतर माणूस चार पर्याय मनात फिरवून बघतो. आपण निष्पाप होतो हे सिद्ध करता आलं तरच खासगीपणा मिळावा, असा हिशेब घरातही नको आणि इंटरनेटवरही नको.

पण सुनेनं जे विचारलं ते मला रागाचं वाटत नाही, ताई. पोरीला वाईट वाटलंय. आपल्याकडून काही कमी पडलं का, ही तिची भीती आहे, आणि ‘कुठे काय’ या दोन शब्दांनी ती तशीच लटकत राहिली. त्यानंतर सकाळी ब्राउझर रोज कोरा करकरीत दिसतोय. लपवालपवी दिसते, कारण दिसत नाही. तेव्हा सांगून टाका. लांबण लावू नका. “अगं, त्या दिवशी मी माझ्या मैत्रिणीसाठी बघत होते, आणि तू विचारलंस तेव्हा मला उगाच ओशाळल्यासारखं झालं” एवढं पुरे. मैत्रिणीचं नाव सांगायचं की नाही, ते तिला विचारून ठरवा. ती तिची खासगी बाब आहे.

एक राहिलंच. त्या साइटवर चौकशीच्या फॉर्ममध्ये फोन नंबर दिला होता का? दिला असेल तर आठ-पंधरा दिवस फोन येत राहतील, त्याचा कुकीशी संबंध नाही. तिथे थेट सांगा की पुन्हा फोन नको, आणि १९०९ वर डीएनडीची, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी, नोंदणी करून ठेवा. फोन दुपारी येतात. लॅपटॉपसारखा तोही हॉलमध्येच वाजत असेल तर सुनेशी बोलायचं काम या आठवड्यातच उरका.

रविवारी तिघं मिळून लॅपटॉप घेऊन बसा, तुम्ही, सून आणि नातू. खटके सुनेला दाबू द्या. प्रोफाइल करताना क्रोम प्रत्येकासाठी एक चित्र निवडू देतो. तुमचं नातवाला निवडू द्या. त्यात एक मांजर आहे, तो बहुतेक तीच देईल.